पसायदानाची हद्द कुठपर्यंत?



आजचं वाचन: ज्ञानेश्वरी, अध्याय अठरावा, शेवटचं पसायदान.

पसायदान आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शाळेत म्हटलं, कीर्तनाच्या शेवटी म्हटलं, लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकरवर ऐकलं. इतकं पाठ आहे की आपण काय मागतोय, याकडे लक्षच जात नाही. या आठवड्यात एका ताईचा मेसेज आला. मूळची आपल्या अमरावतीकडची, आता पुण्यात आयटीत आहे. तिने विचारलं: "दादा, उद्या दुसऱ्या ग्रहावर जीव सापडला तर आपल्या देवाचं काय? ऑफिसातले मित्र म्हणतात, त्या दिवशी सगळे धर्म बंद पडतील."

प्रश्न खोचक नव्हता, मनापासून होता. तिला खरंच भीती वाटली होती. म्हणून आज हा प्रश्न घेऊन पसायदानापाशीच बसू या.

माऊलींनी कोणासाठी मागितलं?

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण होते आणि माऊली देवाकडे प्रसाद मागतात. स्वतःसाठी काहीच नाही. आधी दुष्टांचा वाकडेपणा जावा, मग जीवांची एकमेकांशी मैत्री व्हावी, मग ज्याला जे हवं ते मिळावं. हा क्रम आपल्याला माहीत आहे. पण एक गोष्ट बघा. यात कुठेही गावाचं नाव नाही, देशाचं नाही, जातीचं नाही, 'माणूस' असाही शब्द नाही. जे जे जन्माला आलं आहे, त्या सगळ्याचं भलं मागितलं आहे.

आता इथे घाई करायची नाही. माऊलींना दुसऱ्या ग्रहावरचे जीव ठाऊक होते, असं मी म्हणत नाही. त्यांच्या शब्दांत दुर्बीण घुसवायची नाही. मला एवढंच दिसतं की त्यांनी मागताना कुंपण घातलं नाही. आणि कुंपण नसलेल्या प्रार्थनेत उद्या कोणी नवीन आलं, तर ती मोडत नाही.

आज आपल्याला नेमकं काय ठाऊक आहे?

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी शोधला. त्यासाठी २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून आजवर ६००० हून जास्त परग्रहांची खात्री पटली आहे. आपल्या एका आकाशगंगेत तारे किती? कमीत कमी अंदाज धरला तरी १०,००० कोटी. आणि अशा आकाशगंगा अगणित.

हे झालं घरांचं. घरात राहणारं कोणी आहे का? तर आजच्या घडीला जीव नक्की आहे असं ठिकाण एकच, आपली पृथ्वी.

एप्रिल २०२५ मध्ये मोबाईलवर बातम्यांचा पाऊस पडला होता, आठवतं? 'परग्रहावर जीवसृष्टी सापडली!' तो ग्रह म्हणजे के२-१८बी, पृथ्वीपासून साधारण १२४ प्रकाशवर्षं दूर. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीतून त्याच्या वातावरणाचा अभ्यास केला. पृथ्वीवर डायमिथाइल सल्फाइड नावाचा एक वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. तसल्या वायूच्या खुणा तिथे दिसल्यासारख्या वाटल्या. पण त्या गटाने स्वतःच सांगितलं की पुरावा अजून पुरेसा नाही, आणखी निरीक्षणं लागतील. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच माहिती तपासून शंकाही काढल्या. म्हणजे मूळ काम करणारे 'कदाचित' म्हणत होते आणि फॉरवर्ड करणारे 'नक्की' म्हणत होते.

हा फरक लक्षात ठेवा. आजचं सगळं चिंतन यावरच उभं आहे.

विश्व मोठं झालं की देव लहान होतो का?

ताईच्या मित्रांचं म्हणणं असं दिसतं: माणूस सृष्टीच्या मधोमध बसलाय आणि देव त्याच्यासाठीच आहे. मग शेजारी दुसरं कोणी निघालं की माणसाचं आसन जाणार, आणि आसनाबरोबर देवही जाणार.

पण आपल्या परंपरेने माणसाला असं मधोमध बसवलंच कधी? चौऱ्यांशी लक्ष योनींमधली एक, एवढीच आपली जागा. नरदेहाचं कौतुक आहे ते साधना करता येते म्हणून. जगाची मालकी मिळाली म्हणून नाही.

गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप बघतो. हट्टाने मागितलेलं दर्शन, पण झाल्यावर तो थरथर कापतो. सगळं इतकं अफाट की त्याला दिशा कळत नाहीत. शेवटी हात जोडून तो नेहमीचं सौम्य रूप मागतो, आणि देव रागावत नाही, लगेच ते रूप घेतो. भागवतात यशोदेला बाळाच्या तोंडात ब्रह्मांड दिसलं. दुसऱ्या क्षणी ती ते विसरून त्याला मांडीवर घेते.

रात्री अंतराळाचे व्हिडिओ बघताना पोटात गोळा येतो ना, 'मी कोण, माझी प्रार्थना कोण ऐकणार' असं वाटतं ना, तो गोळा नवा नाही. अर्जुनाच्या पोटातही आला होता. आणि त्यावरचं उत्तर 'विश्व लहान आहे' असं कधीच नव्हतं. विश्व अफाट आहे, आणि तोच अफाटपणा विटेवर उभा राहून आपली वाट बघतो, हे उत्तर होतं.

आमच्याकडे संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला एक म्हातारे काका येतात. त्यांना मी ताईचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, "काऊन रे बाप्पा, देव काय आपल्या गावचा सरपंच हाये काय? शिवेच्या पल्याड त्याचं चालत नाही म्हनून?" एवढं बोलून ते टाळ घ्यायला निघून गेले.

दुसऱ्या बाजूचा खड्डा

इथवर वाचून काही जण खूश झाले असतील. 'बरोबर! आपल्या ग्रंथांत चौदा लोक सांगितलेत, म्हणजे परग्रह आपल्याला आधीच माहीत होते.' अशा पोस्ट रोज फिरतात. मंडळी, प्रेमाने सांगतो, हा दुसरा खड्डा आहे आणि पहिल्यापेक्षा खोल आहे.

चौदा लोकांची वर्णनं आली ती कर्म, पुण्य, भोग आणि मुक्ती समजावण्यासाठी. पुण्य संपलं की स्वर्गातूनही खाली यावं लागतं, म्हणून स्वर्गाची हाव धरू नका, हा त्यांचा बोध. त्यांना ग्रहांची यादी केलं की बोध हरवतो आणि खगोलशास्त्रही चुकतं. शिवाय असं बघा. तुमची श्रद्धा दुर्बिणीच्या निकालावर टेकवली, तर निकाल उलटा आल्यावर ती कुठे टेकणार? के२-१८बी वर काहीच नाही असं सिद्ध झालं, तर भागवत खोटं ठरणार का? मग ते तिथे टेकवायचंच कशाला?

श्रद्धा आणि सत्य यांची सांगड कशी घालायची, हे मला एका वैज्ञानिकाच्या कामातून फार छान दिसतं. आपल्याच मराठी मातीतले, डॉ. जयंत नारळीकर.

नारळीकरांचा फुगा

नारळीकर सर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले, २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. 'यक्षांची देणगी' हे त्यांचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वाचलं असेल. केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू होते फ्रेड हॉईल. हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचा एक विचार होता: जीवाची बीजं पृथ्वीवर बनली नसतील, अंतराळातून धूमकेतूंच्या धुळीबरोबर इथे आली असतील. बहुतेक शास्त्रज्ञांना तो पटत नव्हता.

शिष्याने काय केलं? गुरूच्या बाजूने नुसता वाद घातला नाही, तपासून बघायचं ठरवलं. कल्पना साधी होती. बीजं वरून येत असतील तर खूप उंचावरच्या हवेत ती सापडायला हवीत. इस्रोच्या मदतीने हैदराबादहून मोठमोठे फुगे सोडले, पहिला जानेवारी २००१ मध्ये, दुसरा २० एप्रिल २००५ रोजी. फुग्याखाली निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या, त्या अतिथंड द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत बंद करून खाली आणली. विमानं उडतात साधारण १०-१२ किलोमीटरवर, हे त्याच्या कितीतरी वर. नमुने वाटून हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या दोन प्रयोगशाळांना दिले. दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचे, म्हणजे एकाची नजरचूक दुसऱ्याकडून सुटणार नाही.

आणि जीव सापडले! जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती. बहुतेक पृथ्वीवर माहीत असलेल्या जातींसारख्या, पण तीन जाती अगदी नव्या, अतिनील किरण जास्त सोसणाऱ्या. २००९ मध्ये इस्रोने हे जाहीर केलं. एका जातीला हॉईल यांचं नाव दिलं, जॅनिबॅक्टर हॉईलाय. दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभट्टांचं.

आता मनाने त्या जागी उभे राहा. गुरू २००१ साली गेलेले. आयुष्यभर ज्या विचारासाठी त्यांनी टीका सोसली, त्याला पुष्टी देणारं काहीतरी हातात आलंय. 'परग्रहावरचे जीव सापडले' एवढं म्हणायचा अवकाश, जगभर मथळे झाले असते. पण जाहीर काय झालं? हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं या प्रयोगावरून ठामपणे सिद्ध होत नाही, पुढे काम करायला मात्र हुरूप येतो. बस, एवढंच.

गुरूचं नाव जिवाणूला दिलं, पण गुरूच्या प्रेमापोटी पुराव्यात एक कणही भर घातली नाही. मला ही गुरुभक्तीची फार वरची पायरी वाटते. आपण महाराजांच्या नावावर न घडलेले चमत्कार खपवतो आणि त्याला भक्ती म्हणतो. इथे गुरूचं म्हणणं खरं ठरावं असं मनापासून वाटत असूनही जीभ सत्यापाशी थांबली.

पुढची गंमत तर खास आपल्यासाठी आहे. आर्यभट्टांच्या नावाचा तो जिवाणू, बॅसिलस आर्यभट्टाय, पुढे जमिनीतही सापडला. इंदूरच्या सोयाबीन संशोधकांनी २०१४ मध्ये त्यावरचा अभ्यास छापला. मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत, सोयाबीनच्या मुळांपाशी तो राहतो आणि मातीतलं जस्त विरघळवून पिकाला मिळवून देतो. काळी जमीन आणि सोयाबीन! इथे नांदगाव पेठेच्या बाहेर पडलं की दोन्हीकडे दुसरं काय दिसतं? ज्याची पहिली ओळख आभाळात पटली, तो शेतकऱ्याच्या पायाखालीही निघाला.

मग तो वरून खाली आला की खालून वर गेला? त्या प्रयोगावरून याचं उत्तर निघत नाही. आणि भक्ताने ते ओढूनताणून काढायचंही नाही. जेवढं ठाऊक तेवढंच बोलायचं, हे पहिलं व्रत.

नसलेल्यावरही दया

दुसरं व्रत सांगायला आपल्याला शनीपर्यंत जावं लागेल.

कॅसिनी नावाचं यान २००४ पासून शनीभोवती फिरत होतं. त्याला शनीचा एक छोटासा चंद्र दिसला, एन्सेलॅडस. बर्फाचा गोळा, पण त्याच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडत होते. बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र आहे, हे त्यावरून कळलं. पाणी आहे म्हणजे कदाचित जीवही असेल. कदाचित.

यानाचं इंधन संपत आलं. तसंच सोडून दिलं असतं तर कधीतरी ते त्या चंद्रावर आदळलं असतं, आणि पृथ्वीवरून चुकून सोबत गेलेले जंतू त्या पाण्यात मिसळण्याचा धोका होता. म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी शास्त्रज्ञांनी ते यान मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळून टाकलं. त्याआधी २००३ मध्ये गॅलिलिओ यानही असंच गुरू ग्रहावर पाठवून संपवलं होतं, युरोपा या चंद्राला इजा होऊ नये म्हणून. १९६७ च्या अंतराळ करारातही देशांनी मान्य केलंय की दुसऱ्या ग्रहगोलांवर घातक घाण न्यायची नाही.

मला यात नाथांची कावड आठवते. काशीहून रामेश्वराला चालवलेलं गंगाजल, आणि वाटेत तहानेने तडफडणारं गाढव. बाकीच्यांना गाढव दिसलं, एकनाथ महाराजांना रामेश्वर दिसला, आणि त्यांनी कावड तिथेच रिकामी केली. पण नाथांसमोर गाढव होतं तरी, डोळ्यांना दिसत होतं. एन्सेलॅडसवर कोणी आहे की नाही हेच ठाऊक नाही. त्या 'असेल तर' साठी माणसांनी हात आखडता घेतला. हे करणारे शास्त्रज्ञ, त्यातले काही देव मानत नसतीलही. पण पसायदानाच्या दिशेने माणसाने टाकलेलं ते एक पाऊल होतं, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

कोणी विचारेल, 'मग दादा, ताप आल्यावर गोळी घेऊन जंतू मारायचे नाहीत का?' घ्या की! जगताना जीवाला जीवाची झीज लागतेच, ते टळत नाही. प्रश्न आहे तो गरजेशिवाय, नुसत्या बेफिकिरीने होणाऱ्या नाशाचा.

आपला मंगळ, लोणार

एवढ्या लांब जायची गरजही नाही. आपल्याच वऱ्हाडात, बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. उल्का आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेला साधारण १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा. मंगळाचा पृष्ठभागही बऱ्याच अंशी बेसॉल्टचा आणि अशा खड्ड्यांनी भरलेला, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोणारचे दगड तपासतात. तिथलं पाणी खारट आणि इतकं अल्कलीयुक्त की आपल्या ओळखीचे बहुतेक जीव त्यात तगणार नाहीत. तरी त्यात जीवांचं एक वेगळंच गाव वसलं आहे.

जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं. लॉकडाऊनचे दिवस होते, व्हॉट्सॲपवर कोणी संकट म्हणालं, कोणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुना तपासला, तेव्हा कळलं की खारट पाण्यात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्म जीव त्या दिवसांत भरपूर वाढले होते. भांड्यातलं पाणी स्थिर ठेवलं की ते तळाशी बसत आणि पाणी पुन्हा स्वच्छ दिसे. रंग त्यांच्या अंगाचा होता.

लवणासुराला विष्णूने तिथे मारलं ही कथा आपण सांगतो, दैत्यसूदनाच्या मंदिरात हात जोडतो. पण खाली तळ्यातल्या त्या जिवांना किती जण जीव मानतात? त्यांना डोळे नाहीत, ते आपल्याला ओळखत नाहीत, नवसाला पावत नाहीत. तिथे जाऊन आपण प्लास्टिकची बाटली टाकतो तेव्हा आपल्या मते तिथे 'कोणीच नसतं'. परग्रहावर जीव सापडला तर तो बहुधा असाच असेल. हिरव्या रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा पाहुणा नसेल, पाण्यातला रंग असेल. त्याला आपण जीव म्हणू का, याची परीक्षा आधी लोणारला होते.

राष्ट्रसंतांची ग्रामगीता उघडून बघा. सुरुवातीचं वंदन आहे सगळं विश्व चालवणाऱ्याला. आणि तिथून पुढे एक्केचाळीस अध्यायांत काय येतं? गाव, सफाई, शेती, शिक्षण, माणसांचं वागणं. विश्वाला नमस्कार आणि लगेच हातात झाडू. गुरुकुंज मोझरी आमच्या याच रस्त्यावर पुढे आहे, म्हणून असेल, मला या दोन गोष्टींत अंतर वाटतच नाही.

तर ताई, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर. जीव सापडला तर पसायदानात जोडायला काहीच लागणार नाही, तो आधीपासून त्यात आहे. नाही सापडला, तरी एक शब्द गाळावा लागणार नाही. देवाची चिंता करू नकोस. त्या दिवशी परीक्षा होईल ती आपली, आपण खरं तेवढंच बोलतो का, आणि आपल्यासारखा नसलेला जीव आपल्याला जीव वाटतो का.

आजचं मनन

१. अंतराळाबद्दल किंवा ग्रंथांबद्दल एखादा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी विचारा: हे 'नक्की' आहे की 'कदाचित'? कदाचित असेल तर तसंच लिहा.

२. ज्याचा आपल्याला काही उपयोग नाही अशा एका जीवासाठी आज हात आखडता घ्या. मुंगी असो, गांडूळ असो, नाल्यातलं पाणी असो.

३. रात्री पाच मिनिटं गच्चीवर जा. शहरात दिव्यांमुळे तारे कमी दिसतील, दिसतील तेवढे बघा. आणि पसायदान म्हणा, सावकाश. जिथे सगळ्या जीवांचा उल्लेख येतो तिथे श्वासभर थांबा आणि वर बघा.

राम कृष्ण हरी.